विडंबन, विडंबना आणि उपहास

प्रश्न असा आहे: 'ड्यून' या विज्ञानकादंबरी-मालिकेवर निघालेल्या चित्रपटांची टर उडवणाऱ्या व्यंगचित्रमालिकेला 'चित्रपटांच्या रूपांतराची विडंबना' म्हणता येईल का?

'विडंबना' इथे नको. 'दैवाची विडंबना' म्हणताना तो शब्द दुर्दशा सांगतो. साहित्यप्रकार तो 'विडंबन', नपुंसकलिंगी; अत्र्यांच्या 'झेंडूची फुले'ने (१९२५) मराठीत रुजवला तोच. आणि तो षष्ठीने चालतो: चित्रपटाचे विडंबन, चित्रपटावर नव्हे.

पण प्रत्येक टर म्हणजे विडंबन नाही. मूळ कृतीची धाटणी उचलून ताणली तर विडंबन, बाहेरून हसले तर उपहास. फ्रँक हर्बर्टच्या 'ड्यून'मध्ये (१९६५) पात्रांच्या मनातले विचार जागोजागी येतात. डेव्हिड लिंचने १९८४च्या चित्रपटात ते कुजबुजत्या आवाजात ऐकवले. आता एखाद्या चित्रकाराने चौकटीतला प्रत्येक जण, अगदी दारावरचा पहारेकरीसुद्धा, विचारांच्या फुग्यांत बुडवला आणि संवादाला जागाच ठेवली नाही, तर ते अस्सल विडंबन. प्रेक्षक घोरताना दाखवला तर नुसता उपहास. तो प्रेक्षक कुठल्याही लांबलेल्या चित्रपटासमोर बसवता येतो.

विडंबन कशाचे, हेही नेमके लिहावे. लिंचच्या चित्रपटाच्या शेवटी अराकिसवर, म्हणजे कथेतल्या वाळवंटी ग्रहावर, पाऊस पडतो. कादंबरीत असा पाऊस नाही, आणि तिथल्या महाकाय वाळूकिड्यांना तर पाणी विषासारखे. धो धो पावसात आडोसा शोधत पळणारा किडा काढला, तर नेम चित्रपटावर आहे, हर्बर्टवर नाही. त्याला मोघम 'ड्यूनचे विडंबन' म्हटले की सगळी गंमत हरवते.

'चित्रपटांचे रूपांतर' याचा अर्थ चित्रपटाचे दुसरे काही झाले, असा उलटा होतो. शिवाय आपल्या रंगभूमीवर 'रूपांतर' म्हणजे परक्या नाटकातली माणसे नि गावे इथली करणे. पुस्तकाचा चित्रपट होतो ते 'माध्यमांतर'. नुसत्या 'मालिके'ने टीव्हीच डोळ्यांपुढे येतो, म्हणून 'कादंबरीमालिका' लिहा. 'चित्रपट्टी' (कॉमिक स्ट्रिप) हा शब्द एरवी चांगला, पण 'चित्रपट'च्या शेजारी वाचताना अडखळायला होते.

तेव्हा लिहायचे ते असे: 'ड्यून कादंबरीमालिकेवर आधारित चित्रपटांचे विडंबन करणारी व्यंगचित्रमालिका'. लेख समीक्षेचा असेल तर 'आधारित चित्रपटांचे'ऐवजी 'चित्रपटीय माध्यमांतरांचे' चालेल. मग 'कादंबरीमालिकेवर'चे 'कादंबरीमालिकेच्या' करायला विसरू नका.