विगनला येताय तर

इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या विगनमध्ये नोकरी लागलीय, पण राहायला मँचेस्टर बरं का, आणि इथली माणसं परक्याला आपलंसं करतात का, असं तुम्ही विचारलंत. मी मूळ कोल्हापूरचा, इथे नऊ वर्षं झाली.

राहा विगनलाच. भाडं कमी पडतं. वॉलगेट आणि नॉर्थ वेस्टर्न ही दोन स्टेशनं जवळजवळ समोरासमोर आहेत, गाडी कुठून सुटते ते बघून निघा. मी पहिल्याच आठवड्यात भलत्याच फलाटावर वाट बघत बसलो होतो.

माणसांचं म्हणाल, तर आधी रग्बी लीग समजून घ्या. मी कामावर पहिल्या दिवशी हुशारीने सिक्स नेशन्सचा, म्हणजे सहा देशांच्या रग्बी स्पर्धेचा, विषय काढला आणि सगळे चहात बघायला लागले. रग्बीचे प्रकार दोन. ती स्पर्धा युनियनची, पंधरा जणांची. इथली लीग, तेरा जणांची. शनिवारी खेळायला खाडा केला तर कामगाराची बुडालेली मजुरी कोणी द्यायची, यावरून १८९५ साली हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी फारकत घेतली.

आणि जिम सुलिव्हन हे नाव लक्षात ठेवा. हा वेल्समधल्या कार्डिफचा पोरगा. सतराव्या वर्षीच बार्बेरियन्स या निवडक खेळाडूंच्या नावाजलेल्या संघाकडून युनियन खेळला, म्हणजे वेल्सच्या संघात तो जाणार हे दिसतच होतं. पण १९२१ साली त्याने विगनच्या लीग क्लबचे पैसे घेतले. एकदा लीगचा पैसा हातात पडला की युनियनची दारं जन्माची बंद, असा तेव्हा नियम होता. आपण निदान दिवाळीला घरी जाऊन येतो.

तो फुलबॅक, म्हणजे सगळ्यांच्या मागे एकटा उभा. तो चुकला की संपलं. शिवाय गोल मारायचं, म्हणजे लाथेने चेंडू गोलपोस्टांमधून आडव्या दांडीवरून घालवायचं, कामही त्याचंच. तेव्हा चेंडू ठेवायला प्लास्टिकची टी नव्हती. टाचेने चिखल उकरायचा, त्यात चेंडू उभा करायचा. कातडी चेंडू पावसात भिजून धोंड्यासारखा व्हायचा, आणि इथे पाऊस कधी नसतो? गोलाला दोन गुण. १९२५च्या चॅलेंज कपात, म्हणजे लीगच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत, फ्लिंबी अँड फॉदरगिल या हौशी संघावर त्याने एकाच सामन्यात २२ गोल ठोकले, विगनने ११६-० असं धुतलं. १९४६पर्यंत खेळला, एकूण २,८६७ गोल. तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. लंडनच्या वेम्बली मैदानावरच्या या कपाच्या पहिल्या फायनलमध्ये, १९२९ साली, पहिले गुणही त्याचेच. विगन १३, ड्यूजबरी २.

पुढे तो प्रशिक्षक झाला तो शेजारच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याचा, सेंट हेलन्सचा! विगनला हे म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये पाटाकडीलचा गडी खंडोबा तालमीला शिकवायला जावा तसं. १९५६ साली त्याने त्यांना पहिला चॅलेंज कप जिंकून दिला, पुन्हा १३-२नेच. तरी विगनकर त्याला आपलाच मानतात.

त्याचं मैदान, सेंट्रल पार्क, १९९९ साली गेलं. तिथे आता टेस्को आहे. एकदा दुधाच्या कपाटापाशी एका आजोबांनी मला थांबवून, गोलपोस्ट कुठे असायचे ते काठीने दाखवलं होतं. तूरडाळ आणि हिंग मात्र बोल्टनच्या गुजराती दुकानांतून आणा, तिथे चांगले मिळतात.