आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांत, ‘जागृत राहा, प्रभू येणार आहे’ असं सांगतात. नोकरी-संसार सांभाळून हे रोज नेमकं करायचं कसं?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय ते वाचलं. पहिल्या रविवारचं प्रवचन ऐकलंत, आठवडाभर उत्साह टिकला, मग केक, तारा, मुलांचे कपडे, ऑफिसची वर्षअखेर. आणि आता ‘प्रभू आज आला तर मी तयार नाही’ अशी धास्ती पोटात बसली आहे. शेवटी विचारलंय, उपास करू का.

मी धर्मगुरू नाही आणि ईशज्ञानही शिकलेले नाही. वसईकडची कॅथलिक बाई आहे. मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळात सत्तावीस वर्षं नर्स होते, त्यातली निम्मी नाईट ड्युटीत गेली. (वॉर्डात सगळे ‘सिस्टर’ म्हणायचे, त्यामुळे काही पेशंट मला मठातली समजायचे. नवरा विसरलेला डबा द्यायला आला की त्यांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे.) तेव्हा जे सांगते ते त्या वॉर्डातूनच सांगते.

आधी तुमच्या धास्तीबद्दल. ती उगाच नाही. आगमनकाळ म्हणजे नाताळची पूर्वतयारी एवढंच आपल्या डोक्यात असतं, पण उपासनेचा क्रम बघा. १६ डिसेंबरपर्यंत भर असतो तो प्रभूच्या दुसऱ्या येण्यावर. बेथलेहेमकडे तोंड वळतं ते १७ तारखेपासून. पहिल्या रविवारी चर्चमध्ये वाचतात त्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूची कथा सांगणाऱ्या बायबलमधल्या भागात, गव्हाण नाही, मेंढपाळ नाहीत. तिथे नोहाच्या काळचा पूर आहे, रात्री घर फोडणारा चोर आहे, न कळवता परतणारा घरधनी आहे. तीन वर्षांच्या चक्रात मत्तय, मार्क आणि लूक यांची शुभवर्तमानं पाळीपाळीने वाचली जातात आणि तिघंही तेच सांगतात: जागे राहा. पूर्वी हा काळ आणखी कडक होता. ५८१ साली आजच्या फ्रान्समधल्या माकों इथल्या धर्मसभेनं ११ नोव्हेंबरपासून नाताळपर्यंत सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी उपास सांगितला होता. आपण त्याच दिवसांत नाताळच्या फराळाचे कुलकुल तळतो. मीही तळते, त्यामुळे तक्रार करत नाही.

पण धास्ती आणि वाट बघणं यांत फरक आहे, आणि तो मी रोज डोळ्यांनी पाहिला. इस्पितळात एक असायची मेट्रनच्या, म्हणजे आम्हा नर्सेसच्या वरिष्ठ बाईंच्या, राऊंडची वाट. रात्री दोनला लिफ्टचं दार वाजलं की आम्ही टोपी सारखी करायचो, टेबलावरचा चहाचा कप खाली सरकायचा. दुसरी असायची चार वाजताची, म्हणजे नातेवाइकांच्या भेटीच्या वेळेची. आमच्याकडे एक आजोबा होते, ते साडेतीनलाच उशीखालून कंगवा काढायचे. चार केस होते डोक्यावर, पण दोनदा विंचरायचे. ‘सिस्टर, चादर जरा नीट करा, पोरगी येईल.’ त्यांना मुलीची भीती नव्हती, तरी त्यांची तयारी आमच्या राऊंडच्या तयारीपेक्षा कितीतरी कसोशीची.

पहिल्या ख्रिस्ती लोकांची हाक होती ‘मारानाथा’. अरामी भाषेतली. प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी ती तशीच ठेवली आहे. तिचा अर्थ, आमच्या प्रभू, ये. मेट्रनबाईंना अशी हाक कोणी घातलेली मी तरी ऐकली नाही. आणि आपण दिवसातून कितीदा तरी म्हणतोच की, ‘तुझे राज्य येवो’. लोकलमध्ये दाराशी लटकत म्हणताना त्या तीन शब्दांवर आपण थांबत नाही, पण आपण मागतो ते तेच. मी एका आगमनकाळात एवढंच ठरवलं होतं, त्या ओळीपाशी एक श्वास थांबायचं. बाकी काही नाही. तुम्हाला वेळ नाही म्हणता ना, याला वेळ लागत नाही.

आता दिवे घेऊन वराची वाट बघणाऱ्या दहा कुमारींचा दृष्टान्त, मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातला. आपल्या मनात तो कसा बसलाय? पाच शहाण्या जाग्या राहिल्या, पाच मूर्ख झोपल्या. पुन्हा वाचा. वराला उशीर झाला तेव्हा दहाही जणी झोपल्या. शहाण्यासुद्धा. आणि त्यांच्या झोपेबद्दल त्या गोष्टीत कोणी रागावत नाही. फरक आहे तो कुपीतल्या तेलाचा, आणि ते तेल डोळा लागण्याआधीच भरलेलं होतं.

हे मला कळलं ते चर्चमध्ये नाही. प्रत्येक वॉर्डात एक इमर्जन्सी ट्रॉली असते. ड्युटी बदलताना ओव्हर घेतला, म्हणजे आधीच्या नर्सकडून वॉर्डाची माहिती घेतली, की ती तपासायची: इंजेक्शनं मोजायची, त्यांच्या तारखा बघायच्या, ऑक्सिजन सिलिंडर किती भरलाय ते पाहायचं आणि रजिस्टरवर सही करायची. एका रात्री तीनच्या सुमाराला एका बाईंचा श्वास थांबला. डॉक्टरांनी हात पुढे केला, मी लॅरिंगोस्कोप दिला. घशात नळी घालताना आत दिसावं म्हणून त्याला इवलासा दिवा असतो. तो लागला नाही. सेल उतरले होते. रात्री ओव्हर घेताना मी रजिस्टरवर सही केली होती, दिवा लावून मात्र बघितला नव्हता. रोजच लागतो, आज काय होणार, म्हणून. शेजारच्या वॉर्डात धावत जाऊन त्यांचा आणला. बाई वाचल्या. पण त्या पळण्यात चपला कुठे गेल्या ते मला सकाळपर्यंत कळलं नव्हतं.

त्या रात्री मी एक क्षण डुलकी घेतली नव्हती. टक्क जागी होते. जागं असून काय झालं?

तेव्हापासून ‘जागृत राहा’ हे शब्द ऐकले की मला डोळे ताणून बसलेला माणूस दिसत नाही. सेल तपासणारा हात दिसतो. मार्कच्या तेराव्या अध्यायातला तो घरधनी बघा ना. परगावी जाताना तो चाकरांना दारात रांगेनं उभं राहायला सांगत नाही. प्रत्येकाला ज्याचं त्याचं काम नेमून देतो, आणि दाराशी बसायला सांगतो ते फक्त द्वारपाळाला, कारण त्याचं कामच ते. मग तो कधी येईल? संध्याकाळी, मध्यरात्री, कोंबडा आरवताना की सकाळी. रोमी लोक रात्रीचे चार प्रहर करत, तेच हे चार. रात्रपाळी केलेल्याला हे वाक्य जरा वेगळंच ऐकू येतं. त्या चारही प्रहरांत कोणीतरी कामावर असतं.

म्हणून नोकरी आणि संसार हे तयारीच्या आड येतात, हा तुमचा हिशेब मला पटत नाही. पौलाच्या काळी थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीत हाच घोळ झाला होता. प्रभू आता येणारच म्हणून तिथल्या चर्चेला ऊत आला होता, आणि काही जण कामधंदा न करता लोकांच्या उठाठेवी करत हिंडू लागले होते. पौलानं त्यांना दुसऱ्या पत्रात चांगलंच सुनावलं: ज्याला काम करायचं नाही त्यानं खाऊही नये. व्हॉट्सअ‍ॅपवर तारखा फिरवणाऱ्यांनी तेवढा अध्याय वाचावा. अमेरिकेत विल्यम मिलर या प्रवचनकाराच्या अनुयायांनी प्रभूच्या येण्याची २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली होती, काहींनी तर शेतातलं उभं पीक काढलं नव्हतं. २३ तारीख उजाडलीच. २०११ सालीही हॅरल्ड कँपिंग या अमेरिकी रेडिओ-प्रवचनकारानं २१ मे जाहीर केली होती. तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही, हे येशूनंच सांगून ठेवलेलं असताना या मंडळींना कॅलेंडर लागतं कशाला, मला कळत नाही.

बाराव्या शतकातले संत बर्नार्ड म्हणायचे की प्रभूचं येणं तीन वेळा आहे. एक बेथलेहेमचं, एक शेवटचं, ही दोन्ही दिसणारी. आणि या दोहोंच्या मधलं तिसरं, न दिसणारं, रोजचं. मला हे मधलं येणं कळायला पंचविसावा अध्यायच पुढे वाचावा लागला. कुमारींच्या दृष्टान्तानंतर त्याच अध्यायात न्यायाचा देखावा आहे: मी भुकेला होतो, मी आजारी होतो. तिथे नीतिमान लोकही चकित होतात, प्रभू, तुला आम्ही कधी पाहिलं? म्हणजे तो येऊन गेला तेव्हा त्यांनाही पत्ता नव्हता. तेहतीस नंबरच्या कॉटवर कधी कोण होतं, देव जाणे. मी काहींवर खेकसलेही आहे.

आता रोजच्या करण्याचं. घरात हिरव्या पानांचं कडं करून चार मेणबत्त्या लावता का? तीन जांभळ्या, तिसऱ्या रविवारची गुलाबी. ही पद्धत जर्मनीतली. हॅम्बुर्गमध्ये अनाथ-गरीब मुलांसाठी संस्था चालवणाऱ्या योहान विखर्न नावाच्या पाळकानं १८३९ साली लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या, कारण मुलं रोज विचारून भंडावायची, नाताळ कधी? त्याच्या चाकावर रविवारच्या चार मोठ्या मेणबत्त्या होत्या आणि मधल्या प्रत्येक वाराची एक लहान. पुढे सोयीसाठी मोठ्या चार राहिल्या, लहान गळाल्या. तुमचा उत्साह पहिल्या रविवारनंतर का ओसरला, याचं कारण मला तिथेच दिसतं. सोमवार ते शनिवारची मेणबत्तीच आपल्याकडे नाही.

ती लहान मेणबत्ती म्हणजे झोपण्यापूर्वीची पाच मिनिटं धरा. ओव्हर देतो तसं. आज कोणाला काय बोललो, काय करायचं राहून गेलं, उद्या पहिल्यांदा काय करायचं. नर्स ओव्हर देते ती गोष्ट सांगत बसत नाही. बारा नंबरचं सलाईन संपत आलंय, अठरा नंबरच्या घरच्यांना निरोप द्यायचाय, संपलं. तेवढं देवाला सांगायचं आणि खुशाल झोपायचं. दहाही जणी झोपल्या होत्या. लहान मुलं असतील तर रिकामी गव्हाण आतापासूनच मांडून ठेवा आणि दर चांगल्या कामाला गवताची एक काडी टाकायला सांगा, बाळाला मऊ लागावं म्हणून. आमच्या धाकट्यानं एका संध्याकाळी मूठभर टाकल्या होत्या. चौकशी केल्यावर कळलं, पुढच्या आठवड्याच्या आगाऊ.

आणि एक, ज्यासाठी खरं तर मी हे सगळं लिहायला बसले. शेवटच्या घटकेला लोक काय मागतात, ते मी फार वेळा ऐकलं आहे. ‘धाकट्याला बोलवा’, ‘तिला एकदा येऊ दे’. जगाचा अंत कधी, हे कोणी विचारलं नाही. आपल्यापैकी बहुतेकांसाठी प्रभूचं येणं हे तेच असणार, एका खाटेवर, असल्याच एखाद्या प्रहरी. आणि त्या वेळी ज्याला बोलवायचं असतं तो नेमका बोलत नसतो.

माझं आणि दादाचं सहा वर्षं बोलणं नव्हतं. वडिलांच्या मागे वाडीच्या वाटणीवरून. दर आगमनकाळात मी प्रायश्चित्त संस्काराला, म्हणजे फादरांपाशी पापांची कबुली द्यायला, जायचे आणि दर वर्षी तेच वाक्य म्हणायचे: भावाबद्दल मनात राग आहे. फादर ऐकून घ्यायचे, जप सांगायचे, मी घरी. एका वर्षी नवे फादर होते. त्यांनी वाक्य ऐकलं आणि विचारलं, “फोन नंबर आहे का त्यांचा?” मी म्हटलं, आहे. “मग माझ्याशी काय बोलता?” म्हणाले.

फोन नाही केला, धीर झाला नाही. दोन दिवसांनी सरळ गेलेच. दादा केळींना पाणी सोडत होता. मला बघून त्यानं मोटर बंद केली, हात पुसले आणि वहिनीला हाक मारून चहा ठेवायला सांगितला. वाटणीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. त्याच्या गुडघ्यांबद्दल बोललो, माझ्या नाईट ड्युटीबद्दल बोललो, निघताना त्यानं केळ्यांची फणी पिशवीत घातली. सातबाऱ्यावरचा घोळ आजही तसाच आहे, पुढे आमची मुलं तो बघतील. पण त्या वर्षीच्या तिसऱ्या रविवारी गुलाबी मेणबत्ती लावताना मला प्रवचन ऐकायची गरज वाटली नाही.

उपासाचं विचारलंत. करा, शुक्रवारी एक वेळचं जेवण सोडा आणि त्याचे पैसे बाजूला ठेवून कोणाच्या तरी नाताळला लावा. मधुमेह असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गोळी घेऊन उपाशी राहिलेली मंडळी रात्री-अपरात्री आमच्याकडेच यायची. आणि प्रायश्चित्त संस्काराला २३-२४ तारखेला जाऊ नका. तेव्हा रांग दारापर्यंत असते, फादर थकलेले असतात आणि तुमचं लक्ष घरी ओव्हनमधल्या केककडे असतं. या शनिवारीच जाऊन या.