घर विकून दुसरं घेताना वरखर्चाला किती पैसे बाजूला ठेवावेत?

तुम्ही विचारलंय की राहतं घर विकून मोठं घ्यायचंय, दोन्ही किमतींचा मेळ बसतोय, तर वरखर्चाला ढोबळ किती टक्के धरू? टक्के सांगते, पण आधी मला सांगा, कशाचे टक्के? सगळी गोची तिथेच आहे.

दलाल, सरकार, वकील, बँक ही सगळी मंडळी आपला टक्का बहुतेक वेळा घराच्या पूर्ण किमतीवर किंवा पूर्ण कर्जावर लावतात. तुम्ही तो भरता मात्र स्वतःच्या खिशातून. आणि खिशातला पैसा म्हणजे विकलेल्या घराची किंमत वजा फिटायचं राहिलेलं कर्ज. त्यामुळे किमतीच्या मानाने किरकोळ वाटणारी रक्कम हातातल्या पैशाचा चांगलाच लचका तोडते. माझी सगळी नोकरी दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेली, तरी पहिल्यांदा घर बदलताना हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आकड्यांत बघा. चलन सोडून देऊ, जुनं घर १०० ला विकलं जातंय असं धरू. त्यावर ४० कर्ज बाकी आहे. नवं घर १४० चं. आपण मनात काय करतो? शंभरातून चाळीस गेले, साठ हातात. एकशेचाळीसला ऐंशी कमी पडतात, तेवढं कर्ज काढू. झाला हिशेब.

आता खरा हिशेब. विकताना दलाली २, वकील आणि कागदपत्रं ०.५, जुनं कर्ज मुदतीआधी बंद करण्याचं शुल्क ०.४, आणि घर दाखवण्याजोगं करायला रंग-डागडुजी १. हे झाले ३.९. घेताना मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून ७ टक्के धरले तर ९.८, दलाली २.१, वकील आणि मालकी हक्काचा शोध ०.७, कर्जाचं प्रक्रिया शुल्क आणि मूल्यांकन ०.६, जाणकाराकडून घर तपासून घेणं ०.२. एकूण १३.४. मग सामान हलवणं ०.८, जोडण्या आणि अनामत रकमा ०.४, आणि नव्या घरात गेल्या गेल्या कराव्या लागणाऱ्या कपाटं, पडदे, नळ-वायरिंग वगैरेंना ३. हे ४.२. सगळं मिळून २१.५.

म्हणजे साठातले साडेएकवीस गेले, एक तृतीयांशाहून जास्त. कर्ज ८० नाही, १०१.५ लागतंय. मुदत आणि व्याजदर तोच ठेवला तर हप्ता सव्वापटीहून थोडा वर जातो. बँकेने किमतीच्या ७५ टक्के दिले तर १०५ मिळतील आणि निभावेल. ७० टक्केच दिले तर ९८, म्हणजे साडेतीनचा खड्डा पडला, आणि तो कळतो तेव्हा बयाणा देऊन झालेला असतो.

यातले दर माझे, उदाहरणापुरते. काही ठिकाणी खरेदीवरचा कर याहून बराच कमी, काही ठिकाणी जास्त. कुठे दलाली फक्त विकणारा देतो, कुठे दोघेही. नव्या बांधकामावर वेगळा कर असू शकतो. तुमच्याकडचे दर घालून हीच बेरीज करा, फक्त शेवटी २१.५ च्या जागी जो आकडा येईल तो ६० शी ताडून बघा, १४० शी नाही. (मुद्रांक शुल्काबद्दल कुरकुर करायची असेल तर कळवते, हा कर १६२४ मध्ये नेदरलँड्समध्ये निघाला. इंग्लंडने तो १६९४ मध्ये उचलला, फ्रान्सशी चाललेल्या युद्धासाठी आणि फक्त चार वर्षांपुरता म्हणून. ती चार वर्षं काही संपली नाहीत.)

बँकेचं मूल्यांकन कमी आलं तर काय, हे वेगळं सांगायला हवं, कारण हा खर्च कुठल्याच यादीत नसतो. बँका साधारणपणे ठरलेली किंमत आणि त्यांच्या माणसाने काढलेली किंमत यातली जी कमी असेल तिच्यावर कर्ज देतात. समजा व्यवहार १०० ला ठरला आणि बँकेच्या मूल्यांकनात ९४ आले. ८० टक्के कर्ज म्हणजे ८० नव्हे, ७५.२. घेणाऱ्याने २० ची सोय केलेली असते, त्याला २४.८ लागतात. हे तुमच्या नव्या घराबाबत होऊ शकतं आणि तुमच्या जुन्या घराच्या गिऱ्हाइकाबाबतही. दुसरा प्रकार जास्त त्रासाचा, कारण तिथे तुमच्या हातात काही नसतं.

माझ्या दुसऱ्या वेळी नेमकं हेच झालं. आमचं घर घेणाऱ्या जोडप्याला बँकेने कमी कर्ज मंजूर केलं, त्यांनी घरच्यांकडून पैसे जमवायला वेळ मागितला, आणि व्यवहार पाच आठवडे पुढे गेला. नव्या घराच्या तारखेला मात्र आम्ही बांधलेले. मधल्या काळात दोन्ही कर्जांचे हप्ते, दोन्ही घरांची देखभाल, दोन्हीकडचे विमे. सामान नेणाऱ्यांची तारीख ऐन वेळी बदलली म्हणून आगाऊ दिलेले पैसे बुडाले ते वेगळेच. माझ्या वहीत खर्चाची एकूण बेरीज जवळजवळ बरोबर होती हो! चुकल्या होत्या त्या तारखा. पैसे होते, पण ज्या दिवशी लागत होते त्या दिवशी नव्हते.

तेव्हापासून मी खर्चाची यादी करतच नाही, तारखांची वही करते. डावीकडे दिवस, मग कोण मागणार, किती, आणि शेवटी त्या संध्याकाळी खात्यात किती उरणार. बयाण्याचा दिवस, करारनामा, कर्जमंजुरी, मुद्रांक शुल्क, खरेदीखत, ताबा, ट्रकचा दिवस, पहिला हप्ता. शेवटचा रकाना एकाही ओळीत उणे होता कामा नये. मग तीच वही पुन्हा लिहायची, या वेळी जुन्या घराचे पैसे सहा आठवडे उशिरा येतील असं धरून. या दुसऱ्या वहीत जिथे उणे दिसेल तेवढी रक्कम तुम्हाला बाजूला ठेवायची आहे. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर हा आकडा, आणि तो कुठल्याही ठरीव टक्क्यातून निघत नाही.

मधल्या दिवसांचं व्याजही धरा. वरच्याच उदाहरणात दोन्ही कर्जं मिळून १४१.५, वर्षाला ९ टक्के धरले तर नुसतं व्याज महिन्याला १ च्या थोडं वर. तीन महिने ताटकळलात तर ३.२, म्हणजे पूर्ण सामान हलवण्याच्या खर्चाच्या चौपट. शिवाय जुन्या घराचे पैसे हातात नसताना नवं घर घ्यायला जे मधल्या मुदतीचं कर्ज मिळतं, त्याचा दर सहसा नेहमीच्या गृहकर्जापेक्षा चढा असतो.

दिवस का लागतात, याचं एक कारण लोकांना माहीतच नसतं. तुमच्या घरावर कर्ज आहे म्हणजे मूळ कागद बहुधा बँकेकडे गहाण आहेत, किंवा नोंदीत बँकेचा बोजा आहे. तो उतरल्याशिवाय घेणाऱ्याची बँक पैसे सोडायला तयार नाही, आणि ते पैसे आल्याशिवाय तुम्ही कर्ज फेडू शकत नाही. ही गाठ सोडवायची रीत म्हणजे घेणाऱ्याची बँक तुमच्या कर्जाची बाकी थेट तुमच्या बँकेत भरते, मग ना-बाकी दाखला निघतो, बोजा उतरतो, कागद बाहेर येतात आणि मग तुमची उरलेली रक्कम. या प्रत्येक टप्प्याला दिवस जातात. घर विकायला काढण्याआधीच आपल्या बँकेला लेखी विचारून ठेवा की बाकी किती, बंद करायचं शुल्क किती आणि कागद किती दिवसांत मिळतील.

आधी विकावं की आधी घ्यावं? मला विचाराल तर आधी विकावं, आणि करारातच ताबा महिना-दोन महिने उशिरा देण्याचं कलम घालून घ्यावं. घेणाऱ्याला घाई नसेल तर तो कबूल होतो, कधी थोडं भाडं मागतो. ते भाडं दोन कर्जांच्या व्याजापुढे काहीच नसतं. ज्यांच्याकडे जुन्या घराशिवायही पुरेसे पैसे आहेत त्यांनी आधी घ्यावं, पण मग त्यांनी हा प्रश्न विचारलाच नसता.

नफ्यावरचा कर अनेक जण विसरतात. घर घेतल्या किमतीपेक्षा जास्तीला विकलं तर बऱ्याच देशांत त्या नफ्यावर कर असतो. राहत्या घराला किंवा त्या पैशातून दुसरं घर घेणाऱ्याला अनेक ठिकाणी सूट मिळते, पण तिला मुदती आणि अटी असतात. व्यवहार लांबला तर मुदतही हुकू शकते. घरात केलेल्या मोठ्या कामांच्या पावत्या बहुतेक ठिकाणी मूळ किमतीत धरता येतात, म्हणून जुनी फाईल आत्ताच शोधा. याबाबत कर सल्लागाराला एकदा दिलेली फी मला कधी जड वाटली नाही.

सामान हलवण्याचा खर्च एकूणात छोटा, पण कटकट त्याचीच जास्त. हा दर सामानाच्या किमतीवर ठरत नाही. किती जागा व्यापतं, किती मजले, किती अंतर, किती माणसं यावर ठरतो. फोनवर सांगितलेल्या अंदाजावर जाऊ नका. माणूस घरी येऊन कपाटं उघडून बघू दे, माळ्यावरचंही दाखवा. आमच्याकडे सागवानी कपाटाची रुंदी मोजली, नव्या घराचं दार मोजलं, दोन बोटं जागा उरत होती म्हणून खूश झालो. जिन्याचं वळण कोणी मोजलंच नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कपाट असं तिरकं अडकलं की वरची दोन माणसं वर, खालची दोन खाली, आणि मध्ये भिंतीचा पोपडा निघालेला. शेवटी दोरांनी गॅलरीतून चढवलं, त्याची मजुरी वेगळी. त्या कपाटाला तेवढे पैसे आले नसते. म्हणून आता प्रत्येक मोठ्या वस्तूपाशी मी एकच विचारते, ही न्यायला जेवढे लागतील तेवढ्याला मी ही आज विकत घेईन का? नाही म्हटलं की ती जाते.

पुस्तकं छोट्या खोक्यांत भरा, मोठं खोकं भरतं पण उचलत नाही, आणि तळ फाटला की वेळ तुमचाच जातो. काचेच्या वस्तूंना फुगेवालं प्लॅस्टिक पुरेल एवढं घ्या. १९५७ मध्ये दोघा जणांनी ते भिंतीवर लावायचा कागद म्हणून बनवलं होतं, तो कोणाला आवडला नाही, म्हणून आपली क्रॉकरी वाचते. वाटेत फुटलं तर भरपाई किती, हे मात्र लेखी घ्या. वजनावर भरपाई देणाऱ्यांकडे फुटलेल्या टीव्हीचे हाती फारसं काही लागत नाही.

अनपेक्षित खर्चाला किती? मी वरखर्चाच्या बेरजेवर १० टक्के धरते, घर जुनं असेल तर दुरुस्तीच्या ओळीवर आणखी २५. हे माझे अनुभवाचे आकडे. तुमचे काढायचे असतील तर गेल्या वर्षा-दोन वर्षांत घर बदललेल्या तिघांना विचारा, ठरवलं किती होतं आणि गेलं किती. स्वतःच्या अंदाजावर भरवसा ठेवू नका. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये हेच मांडलं होतं, की माणूस आपल्या कामाचा वेळ आणि खर्च नेहमी कमी धरतो, आधी अशीच कामं लांबलेली ठाऊक असूनही. आपलं प्रकरण वेगळं आहे असं प्रत्येकाला वाटतं. मलाही तिन्ही वेळा वाटलं.

आणि ताबा देता-घेतानाच्या दिवशी दोन्ही घरांच्या वीज-पाण्याच्या मीटरचे फोटो काढा, आकडा आणि तारीख दिसेल असे, आणि समोरच्यालाही पाठवा. पहिल्या वेळी मी ते केलं नाही आणि जुन्या घरात नव्याने आलेल्या कुटुंबाचं पाणी दोन महिने मी भरलं. त्यांच्याकडे त्या महिन्यांत पाहुणे बरेच आले असावेत.