कण, दाणा की रवा?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत काम शिकणाऱ्या एका वाचकाने विचारलंय: 'अतिसूक्ष्म धातूची पावडर दाबाखाली सिंटर केल्यास कण बारीक राहतात व कडकपणा वाढतो', हे मराठी बरोबर आहे का? (सिंटर करणे म्हणजे पावडर न वितळवता, भाजून एकजीव करणे.)

आधी किरकोळ दुरुस्ती. अतिसूक्ष्म आहे ती पावडर, धातू नव्हे. म्हणून 'धातूची अतिसूक्ष्म पावडर'.

खरी अडचण 'कण' या शब्दाची. कण पावडरीचा. भाजल्यावर तो शेजाऱ्याला चिकटतो, त्याचं वेगळेपण संपतं. इंग्रजीत ज्याला 'ग्रेन' म्हणतात तो धातूच्या आतला एकेक स्फटिक, आणि पावडरीच्या एकाच कणात असे अनेक असू शकतात. दोघांना एकच शब्द वापरला की वाचणारा फसतो. ओतकामवाले तुटलेला तुकडा उजेडात धरून म्हणतात, 'दाणा बारीक हाय बघा.' चांगला शब्द आहे, पण मला 'रवा' आवडतो. आपल्याकडे तूप रवाळ असतं, कुंदाही रवाळ. तूप सावकाश गार केलं तर रवा मोठा पडतो. धातूचा रवा मात्र न वितळता, घन असतानाच, नुसत्या उष्णतेनेही वाढतो. मोठे रवे लहानांना गिळतात.

दाबाचं काम इथेच. दाब असला की मधल्या पोकळ्या कमी तापमानात, कमी वेळात बुजतात आणि रव्याला वाढायला सवड मिळत नाही. बिनदाबाने त्याच पोकळ्या बुजवायच्या तर तुकडा जास्त तापवावा लागतो. त्यात रव्यांच्या सीमा अडवून धरणाऱ्या पोकळ्याच नाहीशा झाल्या की रवे भराभर वाढतात. बारीक रवा म्हणजे सीमा जास्त, आणि धातू दबताना त्याच्या आतले अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात, ती घसरण त्या सीमांपाशी अडते. हॉल (१९५१) आणि पेच (१९५३) या संशोधकांच्या नियमाने रव्याची रुंदी चौथाई झाली की सीमांमुळे मजबुतीत येणारी भर दुप्पट होते. रवा अगदीच बारीक, दहा-वीस नॅनोमीटरच्या आसपास गेला, की हा हिशेब बिघडतो. पोकळ्या उरल्या असतील तर बारीक रवाही काठिण्य वाचवत नाही.

'सिंटर करणे'ला मी सरळ 'भाजणे' म्हणेन. खानापूरचा कुंभार मडकं भाजतो, वितळवत नाही. इथेही धातू वितळण्याच्या खालीच थांबायचं असतं. 'कडकपणा' मात्र नको. कडक भाकरी मोडते. खुपसणाऱ्या टोकाला दाद न देणं, ते काठिण्य.

तर: 'धातूची अतिसूक्ष्म पावडर दाब देऊन भाजली तर रवा बारीक राहतो व काठिण्य वाढतं.' कशापेक्षा, तेही लिहा: बिनदाबाने तितक्याच घट्ट भाजलेल्या तुकड्यापेक्षा.