मामीआजींना ‘हो’ म्हणणं

प्रिय चिऊ,

काल मामीआजींचा व्हिडिओ कॉल संपल्यावर तू विचारलंस, “तू त्यांना सगळ्याला हो हो म्हणतेस आणि करत मात्र नाहीस, हे खोटं बोलणं नाही का? मराठी लोक असंच करतात?” तेव्हा बाळ रडत होतं, म्हणून आता नीट लिहिते.

आमच्या घरातली कितीतरी बाळंतपणं मामींनी केली. त्या पाय लांब करून पाटावर बसायच्या, बाळाला नडग्यांवर पालथं घ्यायच्या आणि तेल जिरवून अशी आंघोळ घालायच्या, की बाळ पुढचे तीन-चार तास गाढ झोपायचं. आता त्या कोल्हापुरात आणि आपण मेलबर्नला. हाताने करता येत नाही, म्हणून त्या तोंडाने करतात. अळिवाची खीर खा, टाळूवर तेल घाल, बाळाला टोपडं घाल. खीर मी आवडीने खाते. इथल्या फेब्रुवारीच्या उकाड्यात टोपडं नाही घालत, पण त्यावरून वादही घालत नाही. माझं ‘हो’ म्हणजे तुमचं ऐकलं, एवढंच. मामींनाही ते कळतं. पुढच्या फोनला “घातलंस का?” असं त्या विचारत नाहीत.

पण मधाचं तसं नाही. बाळाला मध चाटव, सहाणेवर जायफळ, वेखंड, मुरडशेंग उगाळून गुटी दे, असं त्या म्हणाल्या तेव्हा मी हो म्हटलं नव्हतं. तू तेव्हा शाळेत होतीस. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा लावायचं नसतं. मधात कधीकधी बोट्युलिझम नावाच्या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू, म्हणजे बीसारखी टिकून राहणारी रूपं, असतात. मोठ्यांच्या पोटात ते रुजत नाहीत, तान्ह्या आतड्यात मात्र रुजून विष तयार करतात. मग बाळाला शी होत नाही, रडणं क्षीण होतं, दूध ओढता येत नाही. मध उकळला तरी ते बीजाणू मरत नाहीत. गुटीचंही तेच: पहिले ६ महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मी मामींना हे सगळं सांगितलं आणि म्हटलं, “मामी, हे मी देणार नाही.” त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “आमच्या वेळी हे कुणी सांगितलंच नाही गं.” आणि लगेच तुझ्या परीक्षेचं विचारलं.

म्हणजे गोष्ट निरुपद्रवी असेल तिथे मी मान राखते. बाळाला अपाय होईल तिथे मान राखूनच, पण स्पष्ट नाही म्हणते. तिथे नुसतं हो म्हणून फोन ठेवला असता, तर तुझं म्हणणं मला मान्य करावं लागलं असतं.

आता तू जे विचारलं नाहीस, ते. “पोरगी काळवंडली, डाळीचं पीठ लाव,” असं त्या म्हणाल्या तेव्हा तुझा चेहरा उतरला, ते मी पाहिलं. तुझा रंग छान आहे, त्यात सुधारायचं काही नाही. माझ्यासारखं हो म्हणायची तुला अजिबात गरज नाही. “मामीआजी, माझ्या रंगाबद्दल बोललेलं मला आवडत नाही,” असं सरळ सांग. तो उद्धटपणा नाही. आणि त्यांना वाईट वाटलंच, तर पुढचं मी बोलेन.

तुझी,
आई