मिनियापोलिसहून मोंटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कला कारने जाताना नॉर्थ डकोटा रात्रीत उरकून टाकावं का?

नका उरकू. एकतर रात्री हरणं रस्त्यावर येतात, आणि दुसरं म्हणजे तुम्हाला ज्यांनी "तिथे बघण्यासारखं काही नाही, बायकोला झोपू द्या आणि गाडी मारा" असं सांगितलं ते स्वतः रात्रीच गेले असणार, मग दिसणार काय डोंबल. तुम्ही दोघंही ऑगस्टमध्येच निघताय, आम्ही नवराबायकोही ऑगस्टमध्येच गेलो होतो, आणि नवऱ्याचा प्लॅनही अगदी हाच होता, पहाटे मोंटाना गाठायचं. मी हट्ट केला म्हणून दिवसा निघालो.

फार्गोपाशी खरंच पोळपाटासारखं सपाट आहे, खोटं कशाला बोलू. ती जमीन म्हणजे हिमयुग संपताना साचलेल्या एका अवाढव्य तळ्याचा तळ, लेक अ‍ॅगसी म्हणतात त्याला, तळं गेलं आणि गाळ राहिला. पण हे तासाभरात संपतं. मग जमीन हळूहळू वरखाली व्हायला लागते आणि दोन्हीकडे छोटी छोटी डबकी दिसतात, शेकड्याने, ती हिमनदीचे मागे राहिलेले बर्फाचे गोळे वितळून झालेले खड्डे आहेत आणि त्यात बदकंच बदकं. बिस्मार्कला मिसूरी नदी ओलांडली की पलीकडे नैऋत्येला शेवटच्या हिमनद्या पोचल्याच नाहीत, त्यामुळे तिथे टेकड्या कापलेल्या, सपाट माथ्याच्या. एका दिवसात तीन वेगळे प्रदेश होतात हे, आणि लोक म्हणतात काही नाही.

वाटेत जेम्सटाउनला काँक्रीटचा 26 फुटी गवा आहे आणि न्यू सेलमला टेकडीवर 38 फुटी फायबरग्लासची गाय. गाय हायवेवरूनच दिसते. नवरा म्हणाला थांबायची काय गरज, आणि मग त्यानेच तिचे चाळीस फोटो काढले.

पहिला मुक्काम बिस्मार्क, दुसरा मेडोरा. मेडोराला थिओडोर रूझवेल्ट नॅशनल पार्कचा साउथ युनिट आहे, पूर्ण एक दिवस द्या. गवे रस्त्यात उभे राहतात, हॉर्न वाजवू नका, गाडीत बसून रहा, आणि बाहेर असाल तर 25 यार्डांच्या आत जायचं नाही. मेडोराला येताना वाटेतल्या डिकिन्सन गावाच्या आधीच घड्याळ एक तास मागे जातं, पण पार्कचा नॉर्थ युनिट मात्र सेंट्रल टाइमवर चालतो. एकाच पार्कात दोन वेळा, आमचं तिथे चांगलं वाजलं होतं.

आता मुख्य सांगते. संध्याकाळी सूर्यास्त बघायला म्हणून मॅपने दाखवलेल्या एका मातीच्या रस्त्याला आम्ही वळलो, आणि पाऊस आला, फक्त वीसेक मिनिटं. गाडी स्टिअरिंगचं ऐकेना, आडवी सरकत जाऊन कडेला थांबली. मी बघायला खाली उतरले तर दुसऱ्या पावलाला सँडल तिथेच राहिली, पाय वर आला. तळपायाला चार बोटं जाड करडा थर. मी मूळची परभणीची, लहानपणी पावसात शेतातून येताना चपला हातात घेऊन यायचो कारण काळ्या रानात प्रत्येक पावलाला पाय जड होत जातो, तर मी तिथे उभी राहून हसायलाच लागले, अरे ही तर आपलीच माती. नंतर वाचलं तर खरंच जात तीच, पाणी पिऊन फुगणारी चिकणमाती. तिकडे गम्बो म्हणतात. पिकअपमधून एक म्हातारे रँचवाले आले, ते वरच्या पक्क्या खडीवरच थांबले आणि ओरडून म्हणाले, हलवू नका, सकाळी वाळेल. रात्र गाडीत काढली. चिवडा, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती म्हणून निभावलं. नवऱ्याने पहिला तासभर तोंड फुगवलं कारण वळायला मी सांगितलं होतं, मग चांदण्या निघाल्या आणि तो बोलायला लागला. सकाळी त्याने चाकावरची माती माझ्या उलथन्याने खरवडली, ते उलथनं वाया गेलं. तर पाऊस असेल किंवा येणार असेल तर डांबर सोडू नका, मॅप काहीही म्हणो.

पुढे ग्लेनडाइव्ह, सर्कल, वुल्फ पॉइंट करत हायवे 2 ला लागा. अर्ध्या टाकीला गॅस (पेट्रोल) भरायचा, हा नियमच करा, सर्कलच्या आसपास पन्नास पन्नास मैल काही येत नाही. फोनला रेंजही नसते, मॅप ऑफलाइन घ्या. व्हेजिटेरियन असाल तर ग्रिल्ड चीज आणि फ्राइजवर दिवस काढायचे, इलेक्ट्रिक केटल न्या. हायवे 2 च्या या पट्ट्याला हाय-लाइन म्हणतात, ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने वसवलेली गावं, नावं बघा, ग्लासगो, माल्टा, हॅवर. गाव यायच्या खूप आधी धान्याचं एलेव्हेटर, म्हणजे धान्य साठवायचं उंच कोठार दिसतं, मग वाट बघत रहा, ते जवळ येतच नाही. तिसरा मुक्काम हॅवर ठीक आहे.

हॅवरच्या पुढे चेस्टर गावाजवळ उजवीकडे निळे डोंगर दिसले की "आला ग्लेशियर" म्हणून नाचू नका, आम्ही नाचलो. त्या स्वीट ग्रास हिल्स, कॅनडाच्या सीमेला लागून, माळावर एकट्या. खरे रॉकीज कट बँक गावानंतर समोर नीट उभे राहतात.

आणि सूर्यफुलांचे फोटो जातानाच काढा. पूर्ण फुललेली फुलं पूर्वेकडे तोंड करून असतात, पश्चिमेला जाताना सगळं शेत तुमच्याकडे बघत असतं. आम्ही म्हटलं येताना काढू, तर येताना मैलोन् मैल नुसत्या पाठी.