डेंग्यूसारखी टीबीची अँटिबॉडी टेस्ट का नाही?

ताई, सासूबाईंना तीन आठवडे खोकला आहे आणि डॉक्टर रक्त सोडून बेडका मागताहेत, म्हणून तुम्ही विचारलंत. प्रश्न रास्त आहे. लॅबमध्ये तीस वर्षं काढली, तिथे पाहिलेलं सांगते.

अँटिबॉडी, म्हणजे जंतूशी लढायला शरीर रक्तात बनवतं ते प्रथिन, अख्खा जंतू ओळखत नाही. त्याच्या एखाद्या प्रथिनाचा इवलासा तुकडा, पेप्टाइड म्हणा, तेवढाच तिला कळतो. क्षयाच्या जंतूत सुमारे ४,००० जनुकं आहेत, म्हणजे तुकडे किती असतील बघा. आम्ही एकदा एलायझाच्या (अँटिबॉडी सापडली की खळगा पिवळा होतो, ती तपासणी) ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये वेगवेगळी पेप्टाइडं लावून एकेका ओळीत एकेका रुग्णाचं सीरम, म्हणजे रक्तातलं पातळ पाणी, घातलं. सगळ्यांच्या बेडक्यात जंतू सापडलेले. एका ओळीत पहिला खळगा गर्द पिवळा, पुढच्या ओळीत तोच कोरा आणि पाचवा पिवळा. तिसरी ओळ तर पाण्यासारखी स्वच्छ! आणि तुलनेसाठी घेतलेल्या एका धडधाकट माणसाच्या ओळीत चांगला रंग.

प्रत्येकाचं शरीर वेगळा तुकडा धरून बसतं. शिवाय हा जंतू आपल्याच पेशींच्या आत दडतो, तिथे अँटिबॉडी पोचत नाही. खरी लढाई टी-पेशी, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशी, लढतात. (इग्रा नावाच्या रक्ततपासणीत ईसॅट-६ आणि सीएफपी-१० या क्षयजंतूच्या प्रथिनांची पेप्टाइडं टी-पेशींनाच दाखवतात. पण त्यातून संसर्ग कळतो, आजार चालू आहे की नाही ते कळत नाही.) निरोगी माणसात रंग येतो तो लहानपणीच्या बीसीजी लशीमुळे, माती-पाण्यातल्या भाऊबंद जंतूंमुळे किंवा जुन्या सुप्त संसर्गामुळे.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये टीबीच्या या अँटिबॉडी तपासण्या वापरू नका असं सांगितलं आणि २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांच्या किटवर बंदी घातली. त्याआधी माझ्या मावशीला एका लॅबने ‘टीबी आयजीएम निगेटिव्ह’ लिहून दिलं होतं (आयजीएम हा अँटिबॉडीचाच एक प्रकार). त्या भरवशावर ती दोन महिने घरात खोकत राहिली, नातवंडं शेजारी झोपायची. शेवटी बेडक्यातच निदान झालं. तो रिपोर्ट आठवला की अजून पोटात कालवतं.

तेव्हा बेडकाच द्या. सीबीनॅट किंवा गोव्यात तयार होणारं ट्रूनॅट, या मशीनवरच्या तपासण्या, बेडक्यात जंतूचा डीएनएच शोधतात, टीबीचं मुख्य औषध रिफॅम्पिसिन लागू पडेल का तेही सांगतात. सरकारी दवाखान्यात हे मोफत आहे. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरायला सांगा, मोकळ्या हवेत दोनदा खोल श्वास घेऊन छातीतून खोकू द्या. डबीत नुसती लाळ नको, घट्ट बेडका हवा. झाकण नीट लावा आणि त्याच दिवशी पोचवा.